पंप काढायचा कधी?

हृदयाला जोडायच्या पंपाची, म्हणजे एलव्हॅडची, बातमी आपल्याकडे अधूनमधून येते आणि दर वेळी वाद त्याच दोन खुंटांभोवती फिरतो. एका बाजूला ‘कृत्रिम हृदयाने जीवदान’ असा मथळा, डॉक्टरांच्या चमूचा फोटो आणि मधोमध पुष्पगुच्छ घेतलेला रुग्ण. दुसऱ्या बाजूने लगेच सवाल येतो: एका माणसाच्या छातीत कोटभर रुपये घालायचे आणि तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायला माणूस नाही, हा कुठला न्याय? दोन्हीकडची तळमळ खरी आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, की ज्याला पंप बसला त्याचं हृदय संपलं. आता यंत्र चालेल तोवर माणूस, नाहीतर दुसऱ्याचं हृदय मिळेल तोवर यंत्र. हे गृहीतकच चुकीचं आहे, आणि त्यावर उभा राहिलेला वाद कितीही जोरात झाला तरी रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. दुबळं झालेलं प्रत्येक हृदय मेलेलं नसतं. काही हृदयं थकलेली असतात. त्यांच्यावरचा भार काही महिने उतरवला आणि सोबत औषधं नेटाने चालवली, तर त्यांतली काही पुन्हा आपल्या बळावर चालू लागतात. म्हणून निवडक रुग्णांमध्ये, विशेषतः तरुण आणि ज्यांचं दुखणं रक्तवाहिन्यांमधल्या अडथळ्यामुळे आलेलं नाही अशांमध्ये, तो पंप काढता येईल का हे कधी आणि कसं तपासायचं ते पंप बसवण्याच्या दिवशीच कागदावर लिहिलेलं असायला हवं. आपल्या देशात तर पंपाचा पहिला हेतू हाच असायला हवा. मी डॉक्टर नाही. घरातल्या एका आजारपणामुळे चार वर्षं या विषयाच्या मागे आहे, आणि जे कळलं ते लोकांपुढे यावं असं मनापासून वाटतं.

माझ्या मामेभावाला चौतिसाव्या वर्षी जिना चढताना दम लागू लागला. आधी दमा समजून औषधं झाली, मग कुणीतरी इको काढायला सांगितला. ‘पंपिंग १५ टक्क्यांवर आलंय, हृदय फुगलंय,’ एवढं घरच्यांना कळलं. निरोगी हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलतो. याचा कप्पा जेमतेम सातवा हिस्सा ढकलत होता. अँजिओग्राफी साफ निघाली, म्हणजे रक्तवाहिन्यांत अडथळा नव्हता. औषधांनी सहा महिने तग धरला, मग दोनदा आयसीयू, आणि शेवटी पंप. पाव किलोही वजन नसलेलं हे यंत्र डाव्या कप्प्याच्या टोकाला बसतं, आतली चकती चुंबकाच्या जोरावर तरंगत मिनिटाला ५ हजारांवर फेरे घेते आणि कप्प्यातलं रक्त नळीतून थेट महाधमनीत सोडते. पोटातून बाहेर आलेली एक वायर, कमरेला कंट्रोलर, दोन बाजूंना दोन बॅटऱ्या. रक्त ठोक्याठोक्याने न जाता सलग वाहत असल्याने मनगटावर नाडी लागत नाही. माझी मामी पहिले कित्येक दिवस सकाळी सवयीने त्याचं मनगट धरायची आणि घाबरून सोडायची. पुढे ती छातीला कान लावू लागली. तिथे बारीक, एकसुरी गुणगुण ऐकू येते.

वहिनी रोज वायरच्या तोंडाशी ड्रेसिंग करते, मास्क लावून, हात कोपरापर्यंत धुऊन, कारण तिथून जंतू आत गेले तर सगळंच धोक्यात. रक्त पातळ करायची गोळी, तिच्यासाठी वारंवार रक्ततपासणी, वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला तर भरलेल्या बॅटऱ्यांचा दुसरा जोड. दीड वर्ष प्रत्येक तपासणीला पंपाचे आकडे पाहिले गेले: फेरे किती, वीज किती खाल्ली, प्रवाह किती. एकदा मी विचारलं, ‘त्याचं स्वतःचं हृदय आता कसं आहे?’ उत्तर आलं, ‘पंप उत्तम चाललाय, काळजी करू नका.’ ते आपुलकीनेच दिलेलं होतं. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि हा प्रश्न कुणाला पडूच नये याचं मला आश्चर्य वाटत राहिलं. त्यातूनच मी वाचायला लागले.

वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की हा पंप जन्माला आला तेव्हा तो काढण्यासाठीच बसवला होता. ऑगस्ट १९६६ मध्ये ह्यूस्टनमध्ये मायकेल डीबेकी यांनी मेक्सिकोहून आलेल्या ३७ वर्षांच्या एका बाईच्या दोन झडपा बदलल्या. शस्त्रक्रियेनंतर तिचं हृदय शरीराचा भार उचलेना, तेव्हा त्यांनी शरीराबाहेर ठेवलेला पंप जोडला. १० दिवस त्या पंपाने डाव्या कप्प्याचं काम केलं. दहाव्या दिवशी पंप काढला, तिच्या हृदयाने काम हाती घेतलं आणि ती चालत घरी गेली. प्रत्यारोपणाचा तिथे प्रश्नच नव्हता, कारण माणसाचं हृदय माणसाला बसवून तो काही दिवस जगल्याचं उदाहरण तोवर जगात नव्हतं.

ते पुढच्याच वर्षी घडलं. ३ डिसेंबर १९६७ ला केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं आणि सगळ्या जगाची नजर तिकडे वळली. आपल्या मुंबईतही केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांत, हृदय बदललं. रुग्ण काही तासच जगला, पण ते धाडस आजही आठवलं की ऊर भरून येतो. त्यानंतर पंपाचं स्थान बदललं. दात्याचं हृदय मिळेपर्यंत माणसाला जिवंत ठेवणारा तो ‘पूल’ झाला. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्या १२९ रुग्णांच्या चाचणीत दिसलं, की ज्यांना प्रत्यारोपण शक्यच नाही अशांपैकी पंपावरचे ५२ टक्के वर्षभर जगले, नुसत्या औषधांवरचे २५ टक्के. मग पंपाला दुसरं नाव मिळालं, ‘अखेरचा मुक्काम’. पूल आणि मुक्काम या दोन शब्दांत सगळं बसवलं गेलं. डीबेकींनी ज्यासाठी तो जोडला होता ती तिसरी वाट, हृदय सावरेपर्यंतची सोबत, हळूहळू तळटीप झाली. शब्दांनी एवढा फरक पडतो का? पडतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने दात्यांच्या हृदयांच्या रांगेचे नियम बदलले, पंपावर स्थिर असलेला रुग्ण रांगेत मागे गेला, आणि पूल म्हणून पंप बसवण्याचं प्रमाण तिथे झपाट्याने घसरलं. रुग्णांची हृदयं त्या महिन्यात काही वेगळी झाली नव्हती. बदलली होती ती रांग.

पण थकलेलं हृदय खरंच सावरतं का, की ही नातेवाइकांची भाबडी आशा? ब्रिटनमधल्या एका मुलीची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. १९९५ मध्ये, दोन वर्षांची असताना, तिचं हृदय फुगून निकामी व्हायच्या बेताला आलं होतं. मॅग्दी याकूब यांनी तिचं हृदय काढलं नाही. त्याच्या शेजारी दात्याचं दुसरं हृदय जोडलं. दोन हृदयं घेऊन ती वाढली. प्रत्यारोपित हृदय टिकावं म्हणून द्याव्या लागणाऱ्या औषधांनी तिला पुढे कर्करोग जडला, औषधं कमी करावी लागली आणि दात्याचं हृदय शरीराने नाकारायला सुरुवात केली. २००६ मध्ये ते दुसरं हृदय काढून टाकलं. दहा वर्षं विश्रांती मिळालेलं तिचं स्वतःचं हृदय तोवर नीट चालू लागलं होतं. ‘निकामी’ म्हणून १९९५ मध्येच ते बादलीत गेलं असतं तर?

त्याच २००६ साली याकूब यांच्या हेअरफील्ड रुग्णालयातल्या गटाने पंपावरच्या १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचं दुखणं रक्तवाहिन्यांच्या अडथळ्याशिवायचं. त्यांना पंपासोबत हृदयाची औषधं चढत्या मात्रेत दिली आणि ठरावीक दिवसांनी हृदयाची परीक्षा घेतली. १५ पैकी ११ जणांचा पंप काढता आला. त्यांतला एक चोवीस तासांत दगावला, हेही त्यांनी लपवलं नाही. मग अमेरिकेत सहा केंद्रांवर ४० रुग्णांमध्ये याच धर्तीचा प्रयोग झाला. २०२० मध्ये निकाल आला. ४० पैकी १६ जणांचं, म्हणजे ४० टक्क्यांचं, हृदय १८ महिन्यांच्या आत पंपाविना चालण्याइतकं सुधारलं. पंप काढलेल्यांपैकी ७७ टक्के लोक तीन वर्षांनंतरही नवा पंप किंवा प्रत्यारोपण न लागता जगत होते.

आत नेमकं काय होतं, याचा एक धागा तर थेट अणुचाचण्यांपर्यंत जातो. १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-१४ वाढवला. पुढे तो दरवर्षी उतरत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बनची नोंद तिच्या डीएनएमध्ये राहते, म्हणून पेशीचं वय काढता येतं. त्यावरून कळलं, की प्रौढ माणसाच्या हृदयात दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच स्नायूपेशी नव्या तयार होतात, आणि हृदय दुबळं झालं की तेही जवळजवळ थांबतं. हीच मोजणी पंपावर सुधारलेल्या रुग्णांच्या हृदयात केली तेव्हा नव्या पेशींचा वेग निरोगी हृदयाच्या किमान सहापट निघाला. या एका अभ्यासावरून ‘हृदय पुन्हा उगवतं’ असे मथळे देणं चूक आहे. रुग्ण मोजके होते आणि सुधारणा होण्यामागे इतरही कारणं असतात. पण हृदयाचा स्नायू एकदा गेला की कायमचा गेला, या जुन्या ठाम समजुतीला मात्र त्याने तडा दिला.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेते, आणि सगळ्यात जड तेच घेते.

पहिला मुद्दा आकड्यांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत हजारो पंपांचा हिशेब आहे, आणि त्यात हृदय सुधारलं म्हणून पंप काढल्याचं प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के. मग ४० टक्के हा आकडा पारखून निवडलेल्या रुग्णांचा नाही का? आहे. त्या ४० जणांचं सरासरी वय ३५ होतं, रक्तवाहिन्यांचा आजार असलेले वगळले होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उद्या साठीतल्या, मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला कुणी ४० टक्क्यांचं गाजर दाखवलं तर ती फसवणूक ठरेल. तिथे स्नायूच्या जागी व्रण झालेला असतो आणि व्रणाला विश्रांती देऊन काय मिळणार? हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. एक-दोन टक्के हे हृदय सावरण्याचं प्रमाण आहे, की सावरलंय का हे पाहण्याचं? ज्या रुग्णाच्या पंपाचा वेग कमी करून हृदय कधी तपासलंच नाही, औषधं ‘आता पंप आहे ना’ म्हणून जुजबी मात्रेवर सोडली, त्याचं हृदय सुधारलं तरी नोंदवहीत येणार कुठून? परीक्षाच न घेता निकाल शून्य लावल्यासारखं आहे हे. खरं प्रमाण या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असणार. ते कळायचं तर परीक्षा घ्यावी लागेल.

दुसरा मुद्दा मला स्वतःला बराच काळ अडवत होता. विश्रांतीने आजार बरा होतो हा वैद्यकातला फार जुना मोह आहे आणि त्याने लोकांना फसवलंही आहे. क्षयाची सॅनिटोरियमं आठवा. आपल्याकडे मिरजेजवळ वॉनलेसवाडीला लोक महिनोन्‌महिने पडून असत. स्वच्छ हवा, सकस अन्न, फुप्फुसाला आराम. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने सरळ तुलना केली: निम्मे रुग्ण सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, औषधं दोघांना तीच. घरचे रुग्ण कमी खात होते, कामं करत होते, तरी बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. काम औषधाने केलं होतं, खाटेने नाही. मग हृदयाच्या बाबतीतही काम औषधांचंच कशावरून नसेल? अमेरिकेत जॉर्ज बर्च यांनी फुगलेल्या हृदयाच्या रुग्णांना महिनोन्‌महिने अंथरुणात ठेवून पाहिलं होतं. काहींचं हृदय आकाराने लहान झालंही, पण ती उपचारपद्धती टिकली नाही.

ही तुलना चांगली आहे, आणि मला ती माझ्याच बाजूची वाटते. नुसत्या विश्रांतीने फारसं हाती लागत नाही, असंच नोंदवहीतले एक-दोन टक्के, ते कमी मोजलेले असले तरी, सुचवतात. पंप म्हणजे विश्रांती. ती हजारोंना मिळाली. हेअरफील्डच्या आणि सहा केंद्रांच्या रुग्णांना तिच्यासोबत औषधं चढवून दिली गेली. पण म्हणून औषधं पंपाशिवाय दिली तरी चालतील असं नाही. अडचण तिथेच आहे. ज्याचा रक्तदाब वरचा ८० ला टेकलाय, मूत्रपिंडं कुरकुरतायत, त्याला ही औषधं पुऱ्या मात्रेत देताच येत नाहीत. दाब आणखी पडतो. पंप रक्ताभिसरण सांभाळतो म्हणून औषधांना जागा मिळते. क्षयाच्या रुग्णाला औषध घरी गिळता येत होतं. या रुग्णाला पंपाशिवाय ते झेपत नाही. बीटा-ब्लॉकरची कथाही हेच सांगते. हृदयाचा जोर कमी करणारी गोळी दुबळ्या हृदयाला देणं म्हणजे घातच, असं सगळे मानत. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गटाने ती थोड्या थोड्या मात्रेत देऊन सुधारणा दाखवली, आणि मोठ्या चाचण्यांनी ते पक्कं व्हायला १९९० चं दशक संपत आलं. दोन दशकं गेली, कारण हृदयाला चाबूक मारायचा की श्वास घेऊ द्यायचा, यात वैद्यकाचं मन चाबकाकडे झुकलेलं होतं.

आजार उलटतो, हा तिसरा मुद्दा. उलटतोच. २०१८ च्या एका ब्रिटिश चाचणीत औषधांनी पूर्ण सुधारलेल्या रुग्णांची औषधं टप्प्याटप्प्याने थांबवली तर सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचं हृदय पुन्हा ढासळू लागलं. म्हणजे ‘बरा झाला’ हा शब्द जपून वापरायला हवा; आजार दबलाय, औषधं जन्मभर. पण पर्याय काय आहे ते पाहा. प्रत्यारोपणानंतरही औषधं जन्मभरच, शिवाय ती प्रतिकारशक्ती दाबणारी. आणि प्रत्यारोपित हृदयही साधारणपणे निम्म्या रुग्णांना बारा-तेरा वर्षांपर्यंतच नेतं. पस्तिशीतल्या माणसाला स्वतःच्या हृदयावर पाच-सात वर्षं मिळाली, वायर नाही, आंघोळीला प्लास्टिक गुंडाळणं नाही, पोहता येतंय, आणि प्रत्यारोपणाचा पत्ता अजून हातात शिल्लक आहे, तर ही वर्षं काय कमी मोलाची?

राहिला पैसा. इथे मला सगळ्यात जास्त मान्य करायचं आहे. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत २०१३ सालच्या १,२०५ रुग्णांची माहिती आहे. सरासरी वय ६१, आणि ७२ टक्क्यांच्या दुखण्याचं मूळ रक्तवाहिन्यांच्या आजारात. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त दगावले. आणि ज्यांच्या डाव्या कप्प्याचा जोर कमी झाला होता त्यांच्यातही शिफारस केलेली सगळी औषधं घरी जाताना मिळाली ती पाव रुग्णांनाच. हे केरळातलं चित्र. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांचं काय असेल याची कल्पना करा. यातली दोन महागडी औषधं आता पेटंटमधून मोकळी झाली आहेत, डॅपाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन २०२३ मध्ये, आणि त्यांच्या किमती उतरल्या आहेत. सरकारकडे एकच रुपया असेल तर तो या गोळ्यांवर आणि त्या देणाऱ्या परिचारिकेवर जावा. यात मला तिळमात्र शंका नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली, तरी कोटीच्या पंपाशी तिचा हिशेब जुळत नाही, आणि तो ओढूनताणून जुळवावा असंही मी म्हणत नाही.

पण ‘हे आपल्या देशाला परवडणारं नाही’ असं म्हणणारे जी कारणं देतात ती नीट ऐका. वीज भरवशाची नाही. उन्हाळ्यात घामाने ड्रेसिंग सुटतं, जंतुसंसर्ग होतो. तपासणीला दोनशे किलोमीटर जावं लागतं. रक्त पातळ ठेवणं जमत नाही. दात्याचं हृदय मिळत नाही. यातलं एकेक खरं आहे, आणि ही सगळी कारणं पंप कायमचा ठेवण्याच्या विरोधातली आहेत. पूल म्हणून पंप आपल्याकडे कुठे नेतो? सेनांच्या शस्त्रक्रियेनंतर मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा यायलाच १९९४ उजाडलं. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं. मुंबईला २०१५ पर्यंत, म्हणजे सेनांच्या त्या शस्त्रक्रियेपासून ४७ वर्षं, थांबावं लागलं. आज १४० कोटींच्या देशात वर्षाला अडीचशेच्या आसपास हृदयं बदलली जातात. इतक्या थोड्या दात्यांच्या भरवशावर बांधलेल्या पुलाला बहुतेकांसाठी पलीकडचा काठच नाही. अमेरिकेत पंप काढण्याचा विचार मागे पडला तर रुग्णापुढे निदान रांग असते. आपल्या रुग्णापुढे काय असतं? म्हणून हृदय सावरण्याची वाट शोधण्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे. आणि ज्याचं हृदय सावरलं तो रांगेतून बाहेर पडतो, त्याच्या वाटचं हृदय ज्याला दुसरा इलाजच नाही अशा कुणाला तरी मिळतं.

कोट रुपये हा आकडाही काही दगडावरची रेघ नाही. हृदयाच्या झडपा एके काळी सगळ्या परदेशातून यायच्या. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने कित्येक नमुने मोडीत काढत भारतीय झडप तयार केली. ती डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसली आणि नंतर एक लाखाहून जास्त लोकांच्या छातीत गेली. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला. आयआयटी कानपूरमध्ये ‘हृदयंत्र’ नावाने भारतीय पंपाचं काम चालू आहे. तो येईल तेव्हा येईल. तोवर पैसे न मागणाऱ्या गोष्टी आहेत. देशात बसलेल्या प्रत्येक पंपाची एक सार्वजनिक नोंदवही असावी. रुग्णालयं पंपाचं जे पॅकेज देतात त्यात पुढची दोन वर्षं वेग कमी करून करायच्या तपासण्या आणि गरज पडल्यास पंप काढण्याची शस्त्रक्रिया धरलेली असावी. आणि बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर अचानक हृदय बसलेल्या तरुण रुग्णांसाठी कोटीचा पंप लागतोच असं नाही. डीबेकींसारखे शरीराबाहेरून जोडायचे तात्पुरते पंप कितीतरी स्वस्त पडतात, आणि सावरण्याची शक्यता याच रुग्णांत सगळ्यात जास्त असते. सरकारने मोठ्या सरकारी रुग्णालयांमध्ये सुरुवात इथून केली तर माझा पूर्ण पाठिंबा राहील.

मामेभावाची ती परीक्षा शेवटी झाली, दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी घेतली. रक्त पुरेसं पातळ आहे ना ते आधी पाहिलं. तो डाव्या कुशीवर झोपला, इकोच्या पडद्यावर हृदय आलं, आणि एक तंत्रज्ञ पंपाचा वेग पायरीपायरीने खाली आणू लागली. दर पायरीला ती विचारायची, ‘चक्कर येतेय का?’ पडद्यावर महाधमनीची झडप दाखवत डॉक्टर म्हणाले, ही एरवी मिटलेलीच असते, कारण रक्त पंपाच्या नळीतूनच जातं. वेग सगळ्यात खाली आला तेव्हा ती उघडली. मिटली. पुन्हा उघडली. मामीने त्याचं मनगट धरलं होतं. ती एकदम म्हणाली, ‘लागतेय.’ पंधरा मिनिटं त्याचं हृदय जवळजवळ एकट्याने चाललं. पंपिंग ३८ आलं. काढायला किमान ४५ तरी हवं, कप्पाही अजून थोडा मोठाच आहे. डॉक्टरांनी वेग पूर्ववत केला, दोन गोळ्यांची मात्रा वाढवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. ती तारीख वहिनीने फ्रिजवरच्या कागदावर, बॅटरी बदलायच्या वेळांच्या खाली, लिहून ठेवली आहे.